आडवाटेनं आलेला लेफ्टनंट

रुम्मानिया गावात लष्करात माणूस नाही असं घर शोधून सापडत नसे. तफीला शहराच्या वर, डोंगराला चिकटून बसलेलं गाव. डाळिंबं आणि ऑलिव्ह यांच्यावर जेवढी पोटं भरायची तेवढी भरली, की उरलेली माणसं सरळ भरतीच्या ट्रकमध्ये चढत. शिपाई होते, नाईक होते, भटारखान्यातले होते, आणि ड्रायव्हर तर पैशाला पासरी. अधिकारी मात्र एकही नव्हता, आणि त्याचं कुणाला दुःखही नव्हतं.

मिथकालचा बाप मुफ्लेह याची सगळी नोकरी अधिकाऱ्यांच्या जीपा चालवण्यात गेली. माणूस कुरकुऱ्या नव्हता. सुट्टीवर आला की बूट काढायचा, पाय गरम पाण्यात सोडायचा आणि कुठला मेजर गाडीत घोरतो, कुठल्या कर्नलला बायकोचा धाक आहे, असल्या गोष्टी रंगवून सांगायचा. मिथकालच्या डोक्यात मात्र त्यातलं एकच राहिलं. साहेब आत बैठकीला गेले, की ड्रायव्हर बाहेर उभे. ऊन असो, बर्फ असो.

"याबा, तुम्ही गाडीत बसून का नाही राहत?" त्यानं एकदा बापाला विचारलं.

"आणि तेवढ्यात साहेब बाहेर आले तर?" मुफ्लेह हसला. "आमच्या पायांना सवय असते रे."

पाण्यात सोडलेले ते पाय मिथकालनं पाहिले होते. सुजलेले, निळ्या शिरांचे. आपण अधिकारी व्हायचं असं त्यानं ठरवलं ते काही देशासाठी मरायच्या वगैरे आवेशात नव्हे. अधिकाऱ्याला बसता येतं, एवढंच त्याला त्या वयात दिसलं होतं.

सरळ रस्ता सगळ्यांना ठाऊक होता. शाळा संपताना तौजीहीची परीक्षा द्यायची, चांगले गुण मिळवायचे, अर्ज करायचा. शरीर, डोळे, दात, घराणं सगळं तपासून झालं की लष्करी अकादमीत दाखल. मिथकाल धावण्यात पहिला आला, दोरावर चढण्यात पहिला आला. तौजीहीत मात्र इंग्रजीनं त्याला खाली ओढलं. निवड मंडळातले एक पिकल्या मिशांचे कर्नल चांगले होते. त्यांनी त्याला ताटकळत ठेवलं नाही. "पोरा, तुझ्यात काही वाईट नाही. गुण कमी आहेत. बाहेर रांग बघितलीस ना?"

त्यानं बघितली होती. ती रांग वळसा घालून पार रस्त्यावर गेली होती.

तफीलाच्या भरती कार्यालयात एक पोट सुटलेला हवालदार बसायचा. मिथकाल शिपाई म्हणून नाव घालायला गेला तेव्हा त्यानं त्याची कागदपत्रं चाळली आणि मान वर केली.

"अधिकारी व्हायला गेला होतास वाटतं?"

"हो."

"मग शिपाई कशाला होतोस? युनिव्हर्सिटीत जा, पदवी घे, मग अर्ज कर. पदवीवाल्यांना घेतात."

"चार वर्षं घर कोण पोसणार?"

हवालदारानं मान डोलावली. हे त्याला पटलं. "मग तिसरी वाट आहे. शिपाई हो, नोकरी करता करता शिक, वरिष्ठांची शिफारस मिळव, शिपायांतून कॅडेट हो. होतात काही जण. पण एक सांगतो, त्या वाटेवर चढ फार आहे आणि बसायला दगड नाही."

मिथकालनं सही केली.

त्याला तोफखान्यात टाकलं. पूर्वेच्या वाळवंटात तळ होता. धूळ इतकी, की चहाच्या पेल्यावर हात ठेवून चहा प्यायचा. तिथे त्याला शिहादा भेटला. शिहादा करक शहराकडचा, उंच, काटकुळा, जिभेचा तिखट. आणि डोकं असं, की गोळा कुठे पडणार याचा हिशेब तो तोंडी करायचा. त्यालाही अधिकारी व्हायचं होतं. तोफ ओढणाऱ्या ट्रकच्या सावलीत दोघं पुस्तकं उघडून बसत. बाकीचे शिपाई जाता येता टोमणे मारत: "काय जनरलसाहेब, आज युद्ध कुठल्या पानावर आलं?"

त्याच सुमाराला मिथकालचं लग्न झालं. नौफा गावातलीच, तौजीहीत त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे. तिला नर्सिंगच्या कॉलेजात जागा मिळत होती; पण बाप म्हणाला, लग्न ठरलंय, आता कसलं कॉलेज. विषय तिथेच मिटला. मिथकाल सुट्टीवर आला की ती त्याचं इंग्रजी घ्यायची. एका हातानं पीठ मळत, दुसऱ्या हातानं पुस्तकाचं पान धरत.

"पुन्हा वाच."

तो वाचायचा.

"तुझं हे ऐकून इंग्रज स्वतःच बोलायचं सोडून देतील."

"मग बरंच आहे की. माझा पेपर सोपा होईल."

तौजीही त्यानं पुन्हा दिली आणि या खेपेला गुण चांगले मिळाले. पण तोवर सरळ रस्त्यानं जायचं वय निघून गेलं होतं. आता पदवी हवी. म्हणून करकला, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांच्या वर्गाला, इतिहास घेऊन बसला. आठवड्याची सुट्टी मिळाली की तळावरून ट्रकनं महामार्गावर, तिथून बसनं करक, वर्ग, पुन्हा बस. घरी आई म्हणायची, मुलगा येतो तो झोपायलाच येतो. थोरली मुलगी शैमा जन्मली तेव्हा तो कुठल्या तरी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपला होता. उतरायचं ठिकाण मागे पडलं. उलट्या बसनं परत येईपर्यंत मुलीला आंघोळ घालून, गुंडाळून, झोपवून झालं होतं.

शिहादानं मध्येच सोडलं. त्याचे वडील वारले, मागे आई आणि लहान भावंडं. त्याला हवालदाराची बढती मिळाली होती. पुस्तकांचा गठ्ठा त्यानं मिथकालच्या खाटेवर आणून टाकला.

"हे घे. माझ्या नोट्सही आहेत. अक्षर नीट आहे, तुझ्यासारखं नाही."

"एकच वर्ष राहिलंय, शिहादा."

"तुझं एक राहिलंय. माझं रोज एक राहतं." तो खाटेच्या कडेवर टेकला. "मला वाईट वाटत नाहीये, खरंच. कंटाळा आलाय रे. कंटाळा आला की माणसानं थांबावं. तुला येत नाही का?"

मिथकालला येत होता. पण थांबायचं कसं, ते त्याला जमत नव्हतं.

पदवी मिळाली. तळाच्या कर्नलनं शिफारस केली, लेखी परीक्षा झाली, तोंडी झाली, आणि उरली फक्त वैद्यकीय तपासणी. नाडी, छाती, गुडघे, डोळे, सगळं ठीक. मग कानाच्या डॉक्टरनं दिवा लावून डाव्या कानात डोकावलं आणि बराच वेळ डोकावतच राहिला.

"तोफखाना?"

"हो, सीदी," मिथकाल म्हणाला. लष्करात साहेबांना सीदीच म्हणत.

"पडद्याला भोक आहे. कधीचं आहे?"

मिथकालला आठवेना. एकदा सरावात गोळा सुटला तेव्हा त्यानं कान झाकले नव्हते. आठवडाभर कानात शिट्टी वाजत होती. पण कान दुखला म्हणून तोफखान्यातला कोण डॉक्टरकडे जातो!

"या कानावर मी तुला पुढे नाही पाठवू शकत," डॉक्टर म्हणाला. त्याचा आवाज कोरडा नव्हता, नुसता थकलेला होता. बाहेर त्याच्याही दारात रांग असणार. "शिपाई म्हणून चालेल. कॅडेट म्हणून नाही."

म्हणजे ज्या नोकरीतून वर चढायचं, त्या नोकरीनंच शिडीची पायरी काढून घेतली होती. मिथकालनं कपडे घातले, बाहेर आला आणि बस पकडली. रागावण्याइतकीही ताकद त्याच्यात नव्हती.

घरी नौफानं सगळं ऐकून घेतलं. ती डाळ निवडत होती. हात थांबला नाही.

"भोक शिवता येत नाही का?"

"कान आहे तो, उशी नाही."

"विचारलंस का?"

त्यानं विचारलं नव्हतं.

शिवता येत होतं. लष्कराच्या दवाखान्यात त्यासाठी थांबावं लागलं, मग कानामागची कातडी घेऊन पडद्यावर ठिगळ लावलं. कित्येक महिने धावायचं नाही, शिंकसुद्धा तोंड उघडून द्यायची. ते ठिगळ धरलं नाही. दुसऱ्यांदा केलं, ते धरलं. एवढ्यात शिफारस करणारा कर्नल निवृत्त झाला. त्याच्या जागी आलेल्या कर्नल तहसीनना मिथकालबद्दल काहीच ठाऊक नव्हतं. म्हणजे पुन्हा नव्या माणसासमोर उभं राहून, मी असा असा, मला अमुक व्हायचं आहे, हे पहिल्यापासून सांगणं आलं.

कर्नल तहसीननं ऐकलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "वयाची मर्यादा गाठायला आलास की रे तू. अजून कशाला? हवालदार होशील, पेन्शन घेशील, डाळिंबं पिकवशील."

"इतकं केलंय, सीदी. आता सोडलं तर केलेलं सगळं कुठे ठेवू?"

कर्नलनी चष्मा पुन्हा चढवला. शिफारस वर गेली.

आणि मिथकाल अकादमीत पोहोचला. ज्या वयात माणसं आपल्या पोरांना शाळेत घालायला नेतात, त्या वयात तो स्वतः बॅग घेऊन कॅडेटांच्या रांगेत उभा राहिला. बाकीचे अठरा-एकोणीस वर्षांचे, सरळ रस्त्यानं आलेले. रात्री पडले की मेल्यासारखे झोपत आणि सकाळी उड्या मारत उठत. पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव 'अम्मो' पडलं, म्हणजे काका. त्यात वाईट हेतू नव्हता. काका, बूट कसे चमकवता? काका, आईला काय लिहू? काका, घोरू नका ना! पण पळायच्या वेळी काका मागे पडायचा. एकेकाळी डोंगरावर बकऱ्यांच्या पुढे धावणारा माणूस आता गुडघ्याला फडकं बांधून शेवटून तिसरा यायचा, आणि शेवटचे दोघे सर्दीतापानं आजारी असायचे.

एका सकाळी एका वरच्या वर्गातल्या कॅडेटनं, ज्याला अजून धड मिशी फुटली नव्हती, चादरीला सुरकुती दिसली म्हणून त्याचा बिछाना उचलून खाली टाकला. "नीट घाल! घरी आईनं शिकवलं नाही का?" नियमच तसा होता, ते सगळ्यांच्याच वाट्याला यायचं. मिथकालनं बिछाना पुन्हा घातला. घालताना त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला अपमान वाटतच नाहीये. फक्त या चादरीवर आडवं व्हावंसं वाटतंय. त्याला त्याचीच भीती वाटली.

ईदच्या सुट्टीत तो घरी आला आणि पाहुणे गेल्यावर नौफाला म्हणाला, "मी परत जात नाही."

ती उरलेला भात पातेल्यात काढत होती. "नको जाऊस."

त्याला वाटलं होतं, ती समजूत घालेल. निदान भांडेल. "अगं, मी खरंच सांगतोय. माझ्या अंगात काही उरलं नाही."

"मग नको जाऊस म्हटलं ना. फक्त आईला तू सांग. मी सांगणार नाही." पातेलं तिनं जरा जोरातच आपटलं. "आणि मला विचारू नकोस, मी थकले का म्हणून. विचारणार नाहीसच म्हणा, आजवर विचारलं नाहीस. तुझं इंग्रजी मी घेतलं, तुझ्या आईचे पाय मी दाबले, तीन पोरींचे दात तू घरात नसताना आले. तुला शिपाई राहायचंय तर राहा. माझं लग्न शिपायाशीच तर लावून दिलं होतं. पण थकण्याची गोष्ट माझ्यासमोर करू नकोस."

मिथकाल उठला. शेजारच्या खोलीत आई जपमाळ ओढत बसली होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला. ती म्हणाली, "वाळलास रे." त्याला पुढचं वाक्य जुळवता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये चढला. तो हिंमतीनं परत गेला असं गावात सगळे सांगतात. त्यानं स्वतः तसं कधी म्हटलं नाही; आईला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून गेला.

आणि अखेर तो दिवस उजाडला. संचलन झालं, बँड वाजला, खांद्यावर तारा लागला. नौफा आणि मुली वरच्या ओळीत बसल्या होत्या; आईनं इतका हुंदका दिला की पुढच्या ओळीतल्या बायका वळून बघायला लागल्या. सगळं संपल्यावर फोटो काढायचे म्हणून मंडळी जमली, तर मुफ्लेह गायब. म्हाताऱ्याला हल्ली विसरायला व्हायचं. पोरींनी शोधलं, पहारेकऱ्यांना विचारलं. शेवटी मिथकाल स्वतः मागच्या फाटकाकडे गेला.

तिथे पाइनच्या झाडाखाली अधिकाऱ्यांचे ड्रायव्हर गाड्यांशेजारी उभे होते, आणि त्यांच्यात मुफ्लेह, हातात चहाचा पेला. कुठल्या तरी मेजरच्या घोरण्याची गोष्ट रंगात आली होती. ड्रायव्हर हसून हसून वाकले होते. तेवढ्यात त्यांनी नवा लेफ्टनंट पाहिला. हसू विझलं. सगळे ताठ झाले, टाचा जुळल्या. मुफ्लेहनंही चहाचा पेला बॉनेटवर ठेवला आणि ताठ झाला. मुलगा ओळखून झाला की तारा बघून, ते कळायला मार्ग नव्हता.

"याबा," मिथकाल म्हणाला, "मी आहे."

"दिसतंय मला," बाप म्हणाला, पण हात बाजूलाच ठेवून.

मिथकाल एका जीपच्या पायरीवर बसला, आणि बापाच्या हाताला धरून त्यानं त्यालाही शेजारी बसवलं. ड्रायव्हर उभेच राहिले. "पुढे काय झालं, ते सांगा," तो म्हणाला. बराच आग्रह झाल्यावर मुफ्लेहनं गोष्ट पुढे चालू केली, पण आता ती आधीसारखी रंगेना.

गावात मोठं जेवण झालं. मन्सफची ताटं दोघा-दोघांनी उचलून आणावी लागत होती. भातावर मांस, मांसावर जमीदचं, म्हणजे सुकवलेल्या दह्याचं, गरम दाट ताक. गावचे, नात्यातले, न ओळखणारेही आले. भाषणं झाली. शेजारच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की आपण हे मिथकालच्या लहानपणीच ओळखलं होतं. मिथकाल मधल्या गादीवर बसून सगळ्यांचे हात हातात घेत होता आणि डोळे उघडे ठेवायची शिकस्त करत होता.

शिहादा दुपारी आला, सुट्टी काढून, गणवेशातच. दारातच त्यानं कडक सलाम ठोकला.

"मुबारक, सीदी!"

"गाढवा, आत ये," मिथकाल म्हणाला.

"हे बरं आहे. गाढव म्हणायचा हक्क आता फक्त तुझ्याकडे राहिला आणि माझा गेला." शिहादा शेजारी बसला. पण बसला तो जरासं अंतर ठेवून. दोघांनाही ते जाणवलं आणि दोघांनीही ते तसंच राहू दिलं. थोड्या वेळानं शिहादानं हळू आवाजात विचारलं, "खरं सांग. एवढं मोल होतं का याला?"

मिथकालनं विचार करायचा प्रयत्न केला. "मला ठाऊक नाही," तो म्हणाला. "सांगतो... थोडं..." आणि बोलता बोलता तो गादीवर कलंडला. आपल्याच मेजवानीत, पाहुण्यांच्या गराड्यात, तोंड उघडं टाकून. कुणी त्याला उठवायला लागलं, तेव्हा शिहादानं त्याचा हात धरला. "झोपू दे," तो म्हणाला, आणि उशी सरकवून त्याच्या डोक्याखाली दिली. पाहुणे आवाज खाली आणून जेवत राहिले.

उशिरा आलेल्या माणसाला वरती फार जागा नसते. मिथकाल कॅप्टन झाला, सीमेवरच्या चौक्यांवर राहिला, आणि मेजर व्हायच्या आधीच वयामुळे निवृत्त झाला. ऑफिसर मेसमध्ये तो कायम शिपायांतून आलेला राहिला, शिपायांत अधिकारी. दोन्हीकडे त्याला मान मिळाला. मित्र मात्र एक शिहादाच राहिला, तोही बराच काळ दूरदूरच. आता शिहादाही पेन्शनवर आहे. दोघं ऑलिव्हच्या मोसमात एकमेकांच्या बागेत जातात आणि पुन्हा एकमेकांना गाढव म्हणतात.

गावात आता कुणालाही अकादमीची चौकशी करायची असली की लोक त्याच्याकडे येतात. परवा गावातली उम्म राकान, म्हणजे राकानची आई, आली होती. तिच्या मुलीच्या मनात अकादमी भरली आहे. मिथकालनं तिला सगळ्या वाटा सांगितल्या: तौजीहीनंतर सरळ जाता येतं, नर्सिंगच्या कॉलेजातून जाता येतं, पदवी घेऊन जाता येतं, आणि शिपाई होऊन खालून वर जाता येतं.

"त्यातली सोपी कुठली?" उम्म राकाननं विचारलं.

"सोपी कुठलीच नाही. पहिली लवकर संपते, इतकंच."

"आणि तुझी?"

त्यानं डावा कान चोळला. त्या कानानं त्याला अजून थोडं कमीच ऐकू येतं. नौफा चहा घेऊन आली, तिनं पेला उम्म राकानच्या हातात दिला आणि म्हणाली, "पोरीला घेऊन ये इकडे. तिला मी विचारते तिचं इंग्रजी कसं आहे ते."